लेकीचं देहरादूनचं बोर्डिंग, तीन वर्षांनंतर : पाचपैकी साडेतीन

शाळेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि लेक अजून तिथेच आहे, नववीत. देहरादूनमधली फक्त मुलींची प्रायव्हेट बोर्डिंग शाळा एवढं पुरे. वेल्हम गर्ल्स नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण देहरादून म्हटलं की सगळे तेच विचारतात. ती १९५७ ची, तिचं नाव मोठं, पण आम्ही तिथे फॉर्मच भरला नव्हता.

ॲडमिशन झाल्यावर पहिली काय गोष्ट आली तर सामानाची यादी. चार पानी! पांढरे मोजे आठ जोड, काळे चार, ब्लेझर, ट्रॅकसूट, रजई, शू पॉलिश, आणि प्रत्येक कपड्यावर नंबर. लेकीचा नंबर २१४. मार्करने लिहिलेला चालत नाही, लाँड्रीत पुसला जातो, त्यामुळे छापील कापडी पट्टी शिवायची. मी आणि सासूबाई तीन रात्री बसून तो २१४ शिवत होतो, अगदी रुमालावरसुद्धा, आणि दुसऱ्या रात्री सासूबाई म्हणाल्या, अगं शाळेत पाठवतोय का येरवड्याला? खूप हसलो, आणि मग मी आत जाऊन रडून आले. त्या स्वतः हुजूरपागेच्या होस्टेलला राहिलेल्या, त्यांच्या वेळी एक ट्रंक, एक वळकटी आणि बाबांच्या पत्राची वाट बघणं, बास. आणि एवढं शिवूनही पहिल्या टर्मनंतर पांढऱ्या आठ जोडांतले तीनच घरी आले, त्यातला एक ११७ नंबरचा. ११७ ची आई हे वाचत असेल तर मोजे धुऊन ठेवलेत.

प्रवास हा वेगळाच विषय. पुण्याहून विमानाने दिल्ली, रात्री नातेवाईकांकडे मुक्काम, पहाटे शताब्दी. हरिद्वारच्या पुढे राजाजीचं जंगल लागतं, तिथे हत्तींमुळे गाड्या हळू चालवतात, तर पहिल्या वेळी लेक काचेला नाक लावून हत्ती शोधत होती, आता तिथे येईस्तोवर घोरत असते.

दिवसाचं टाइमटेबल सगळ्या बोर्डिंगचं असतं तसंच, साडेपाचला घंटा, पीटी, शाळा, खेळ, संध्याकाळी प्रेप म्हणजे सगळ्यांनी एका हॉलमधे गप्प बसून अभ्यास, साडेनऊला लाइट बंद. ब्रोशरमधे आहे सगळं.

ब्रोशरमधे नाही ते सांगते. दुसऱ्या वर्षी ॲन्युअल फंक्शनला गेलो होतो, नाटकाआधी मी लेकीला शोधत स्टेजच्या मागे गेले, तर एक मोठी मुलगी शिडीवर चढून लाइट फिरवतीये, दुसरी वायरी गुंडाळतीये, आणि आमची बाई खाली शिडी घट्ट धरून ओरडतीये "दीदी लेफ्ट, थोडा और लेफ्ट". एकही भैय्या नाही, एकही सर नाही. सेट मुलींनी रंगवलेला, साउंडवर मुली, बेंच उचलून लावणाऱ्या मुली. आता तिची पुण्याची आधीची शाळा आठवा, चांगली होती हो, पण गॅदरिंग म्हटलं की रांगोळी आणि सूत्रसंचालन मुलींकडे, साउंड आणि खुर्च्या मुलांकडे. कुणी नियम केला नव्हता, होतंच तसं. इथे मुलगे नाहीतच तर बेंच कोण उचलणार? लॅबमधे पण तेच, "तू रीडिंग लिहून घे, मी करतो" म्हणणारा पार्टनर नाही, स्वतःच सर्किट जोडायचं आणि स्वतःच फ्यूज उडवायचा. गेल्या दिवाळीत घरचा मिक्सर बंद पडला तर हिने आधी प्लग उघडला. मी नको नको म्हणत होते. प्लगमधलीच वायर सुटली होती. एक स्टार निव्वळ यासाठी.

पण मुलगे नाहीत म्हणजे कटकटी नाहीत असं समजू नका. बारा जणींची डॉर्म, बारा कपाटं, आणि राजकारण दिल्लीला लाजवेल असं. आठवीत एकदा तीन आठवडे अर्धी डॉर्म अर्ध्या डॉर्मशी बोलत नव्हती, कारण काय तर मी पाठवलेल्या लसणाच्या चिवड्याची बरणी कुणीतरी संपवली. मॅट्रन आंटींनी शेवटी दोन्ही पार्ट्यांना एकत्र बसवून सगळ्यांचा उरलेला खाऊ एका परातीत ओतला आणि संपवा म्हणाल्या. या बाईंना माझ्याकडून वेगळे पाच स्टार. मुलांच्या शाळेबरोबर वर्षातून एकदा "सोशल" असतं, त्याबद्दल लेकीचा रिपोर्ट असा की तीन तास मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला, आणि मधे टीचर्स समोसे खात होते.

जेवण ठीक. राजमा, कढी, आलू पराठे भरपूर, आपला वरणभात नाही मिळत, डाळ-चावल मिळतो, आणि तो वेगळा असतो हे आपल्याच माणसाला कळतं. आउटिंगला गावात नेतात तेव्हा एलोराजची स्टिक जॉ टॉफी घेतात सगळ्या, दाताला अशी चिकटते की आपली चिक्की परवडली.

आता कापलेले स्टार. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमधे, तिकडे पाऊस नुसता कोसळत असतो, लेकीला १०३ ताप आला. इन्फर्मरीत ठेवलं, डॉक्टर आले, ब्लड टेस्ट केली, सगळं व्यवस्थित केलं, फक्त आम्हाला कळवलं नाही. मोबाइल अलाउड नाही, रविवारी दहा मिनिटं फोन, मागे लाइन, आणि त्या फोनवर तिसऱ्या दिवशी लेकीकडूनच कळलं. हाउसमिस्ट्रेस म्हणाल्या, आप लोग बेकार में घबरा जाते. अहो, घाबरणं हे माझं काम आहे, तुम्ही कळवायचं काम करा ना! लांबलचक मेल टाकला, प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला, आता साधी सर्दी झाली तरी मेसेज येतो. सुधारले, पण गेलेला स्टार गेला.

अर्धा स्टार गणिताचा. आठवीत एका वर्षात तीन टीचर बदलले, वर्षाला नऊ लाखाच्या आसपास फी भरून, प्रवास आणि युनिफॉर्म वेगळा, आणि सुट्टीत वारज्यात क्लास लावावा लागला. इंग्लिश आणि हिस्टरी मात्र एक नंबर शिकवतात.

मराठीचं काय, तर बोर्ड आयसीएसई आणि सेकंड लँग्वेज हिंदी. त्यात शाळेचा दोष नाही, पण लेक आता "माझा चष्मा मिळत नाहीये" म्हणते, सापडत नाहीये नाही. यावर उपाय सासूबाईंचा, दर आठवड्याला मराठीत पत्र आणि उत्तर मराठीतच हवं, नाहीतर पुढच्या पार्सलमधे चिवडा नाही. उत्तरं येतात. ऱ्हस्वदीर्घाची पार वाट लागलेली असते, पण येतात.

पाचगणी का नाही असं सगळे विचारतात. खरं सांगू, पाचगणीला टाकली असती तर दर शनिवारी मीच तिथे जाऊन बसले असते. फी जमत नसेल किंवा पोरगी जवळ हवी असेल तर पिरंगुटजवळची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा जाऊन बघा, आम्ही पाहिली होती, चांगली वाटली. लांब चालणार असेल तर ग्वाल्हेरचं सिंधिया कन्या आहे, अजमेरचं मेयो गर्ल्स आहे. पण मुलगी स्वतः हो म्हणत असेल तरच. आमच्या हिच्या डॉर्ममधली एक जण "सुधारायला" पाठवलेली होती, ती दोन महिन्यांत परत गेली, बिचारी रोज रात्री रडायची.

बाकी, आम्ही हिला एवढ्या लांब पाठवलं त्याचं फळ ऐका. ३० मे २०२५ ला एनडीएतून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या, तेव्हा ही सुट्टीला घरी होती, टीव्हीसमोरून हलेना. आता तिला तेच करायचंय. म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे पाठवली, आणि जायचंय कुठे तर खडकवासल्याला, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, तिथे पण कपड्यांवर नंबर शिवायचे असतील तर आत्ताच सांगा, डोळे चांगले आहेत तोवर.