पी मध्ये अडकलेली गाडी आणि वडगावचा टोइंगवाला

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांना २०२४ च्या जुलैपासून पावसाचा आवाजच वेगळा ऐकू येतो. तेव्हा एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. आमची सोसायटी नदीपासून लांब आणि चढावर आहे, पण गेल्या पावसाळ्यात बेसमेंटचा पंप रात्री बंद पडला. साडेनऊला वॉचमन सांगायला आला तेव्हा खालच्या पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी होतं.

माझी गाडी ऑटोमॅटिक हॅचबॅक. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पाच आठवडे जागची हलली नव्हती. रिमोटला दाद नाही, म्हणून चावीनं दार उघडलं. किल्ली फिरवली तर काट्यांवरचा दिवासुद्धा लागला नाही. बॅटरी पूर्ण बसलेली आणि गिअर पी मध्ये, म्हणजे गाडी उभी करून ठेवायच्या जागी. ब्रेक दाबून गिअर ओढला, तो तसूभर हलला नाही.

विम्याबरोबर मिळालेल्या मदतसेवेला फोन केला. दीड तासानं माणूस आला. बेसमेंटच्या तोंडावर ‘उंची २.१ मीटर’ अशी पाटी आहे, त्याचा ट्रक आत येणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, साखळी लावून ओढून काढतो, चाकं घासतील तेवढी. मी नाही म्हटलं. पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खटका दातेरी चाकात अडकून बसतो, तोच पुढची चाकं धरून ठेवतो. त्या अवस्थेत रॅम्पवरून गाडी फरफटवली तर टायर जातात, आणि खटका तुटला तर गिअरबॉक्सच उघडावा लागतो. तो सही घेऊन निघून गेला. कंपनीचा माणूस असून पी मधून गाडी काढायची कशी, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, याचा मला आजही राग आहे.

मग शेजाऱ्यांनी वडगावच्या टोइंगवाल्याचा नंबर दिला. त्यानं फोनवरच विचारलं, ‘काकू, चावीची गाडी का बटणाची? गिअरच्या बाजूला छोटं झाकण आहे का? रॅम्प सरळ आहे का वळणाचा?’ एवढे प्रश्न ऐकूनच मला धीर आला.

पन्नास मिनिटांत दोघं आले. पाणी दाराच्या उंबऱ्याला टेकलं होतं. जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीचा करंट जोडून, सुरू करू का, असं मीच विचारलं. तो म्हणाला, आत कुठे पाणी गेलंय माहीत नाही, आता करंट द्यायचा नाही. आधी हँडब्रेक पूर्ण ओढून घेतला. किल्ली ऑनवर फिरवून स्टिअरिंग मोकळं केलं. मग गिअरच्या शेजारचं नखाएवढं झाकण चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं. टोकाला चिंधी गुंडाळली होती, प्लास्टिकवर ओरखडा नको म्हणून. ब्रेकवर पाय ठेवून त्या भोकात स्क्रू ड्रायव्हर दाबला आणि दुसऱ्या हातानं गिअर सरळ एन मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, आणला. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. ब्रेक दाबल्यावर गिअरचं कुलूप विजेवर सुटतं. बॅटरी मेली की ते सुटत नाही, म्हणून गाडी बनवणाऱ्यानंच हातानं सोडवायची ही वाट ठेवलेली असते. सहा वर्षं मी गाडी चालवतेय, ते झाकण रोज पुसतेय, आणि ते कशासाठी आहे हे मला त्या रात्री कळलं.

वेळ खरा गेला तो ओढायच्या कडीत. ती टूलकिटमध्ये, टूलकिट डिकीच्या फळीखाली, आणि डिकी विजेवर उघडणारी. त्याचा जोडीदार मागचं सीट पाडून आत सरपटत गेला आणि कडी घेऊन आला. बंपरमधलं झाकण काढून ती आट्यांवर बसवली, हँडब्रेक तेवढ्यापुरता सोडून चौघांनी गाडी ढकलत रॅम्पच्या पायथ्याशी तोंड करून लावली आणि हँडब्रेक पुन्हा ओढला. वर उभ्या ट्रकच्या विंचची (तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) तार अडकवून ताठ झाल्यावरच त्यानं हँडब्रेक सोडला. एन मध्ये गाडीला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं, हे त्यानं वॉचमनलाही समजावलं आणि गाडीमागे कुणालाही उभं राहू दिलं नाही. आत तो स्वतः बसला, कारण इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवावं लागतं.

वर आल्यावर चारही चाकं ट्रकवर घेतली. या गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत नेली तर आतले भाग कोरडे घासतात. हे मी न विचारता त्यानं सांगितलं, आणि गाडी सहा किलोमीटरवरच्या गॅरेजला नेऊन सोडली. गिअरबॉक्सला काही झालं नाही. बॅटरी नवी आणि गालिचे वाळवणं, एवढ्यावर भागलं.

तक्रारी दोन. साडेतीन हजार रुपये घेतले, रात्रीचे म्हणून मला ते चालले, पण बिल दोनदा मागितल्यावर मिळालं. आणि बंपरचं झाकण पाण्यात हरवलं, ते मला विकत घ्यावं लागलं.

शेजाऱ्यांची गाडी मात्र त्या रात्री निघाली नाही. तिला गिअरच्या दांड्याच्या जागी गोल फिरवायचं बटण आहे, सगळं विजेवर, भोक नाही की झाकण नाही. टोइंगवाल्यानं टॉर्च मारून पाहिलं आणि सरळ सांगितलं, पाणी उतरून तपासणी झाल्याशिवाय हिला वीज द्यायची नाही, आणि जबरदस्ती मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन त्यानं चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालून ती बाहेर काढली.

त्याचा नंबर मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहून ठेवलाय. खाली लिहिलंय, फोन करताना गाडी चावीची की बटणाची ते आधी सांगा.