थ्रीडी स्लायसर की आयटीके-स्नॅप: हृदयाच्या एमआरआयचं मोजमाप कशात करावं?

दोन्ही वैद्यकीय स्कॅन पाहून मोजण्याची सॉफ्टवेअर; दोन्ही मोफत, दोन्हींचा सोर्स कोड खुला. फरक पडतो तो रोजच्या कामात.

शिकायला आयटीके-स्नॅप सोपं. पॉलिगॉनने डाव्या जवनिकेची (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची) आतली कड आखा, आकारमान घनमिलिमीटरमध्ये मिळतं. स्लायसरचे मोड्यूल अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण डायकॉम (स्कॅनरमधून येणारा फाइल प्रकार) थेट उघडतं, सिने मालिका, म्हणजे धडधडत्या हृदयाची सलग चित्रं, सीक्वेन्स म्हणून चालवता येते आणि पायथनने तेच मोजमाप पन्नास रुग्णांवर लावता येतं.

खरा घोटाळा दोन्हीकडे एकच: स्लाइसमधलं अंतर, म्हणजे एका आडव्या कापाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचं. स्लाइस 8 मिमी जाड आणि मधली फट 2 मिमी असेल, तर अंतर 10 मिमी हवं. फाइल रूपांतरित करताना 8 पडलं की आकारमान 20 टक्क्यांनी कमी येतं. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) गुणोत्तर असल्यामुळे बरोबरच दिसतं, म्हणून चूक लपते. आकडे लिहिण्याआधी हेडर (फाइलमधली स्कॅनची माहिती) तपासाच. पॅपिलरी स्नायू (जवनिकेच्या आतले छोटे स्नायू) आत धरले, तर डायस्टोल (हृदय सैल) आणि सिस्टोल (हृदय आकुंचित) दोन्हींत धरा.

मोजकेच स्कॅन हाताने आखायचे असतील, तर आयटीके-स्नॅप घ्या. मोठा अभ्यास किंवा पूर्ण हृदयचक्र मोजायचं असेल, तर स्लायसरच.