झडपेच्या उपचाराआधी आणि नंतर उजवे हृदय: टॅप्सी, एफएसी, स्ट्रेन की थ्रीडी?

मायट्रल झडप बदलून दीड महिना झालेला, रुग्ण जिना न थांबता चढतो, पायांची सूज उतरलेली. आणि इकोच्या कागदावर टॅप्सी (उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेचे कडे प्रत्येक ठोक्याला किती सरकते ते माप) मात्र २१ वरून १२ मिलिमीटरवर आलेली. उजवी जवनिका (हृदयाचा उजवा खालचा कप्पा), रोजच्या बोलीत आरव्ही, निकामी झाली का? बहुतेक वेळा नाही. चुकलेली असते ती मापाची निवड. कोणते माप घ्यायचे हे मशीनमध्ये कोणती सोय आहे यावर नव्हे, तर झडपेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले यावर ठरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छाती उघडून की कॅथेटरने?

आरव्ही दोन दिशांनी आकुंचन पावते. ट्रायकस्पिड झडपेचे कडे हृदयाच्या टोकाकडे खेचले जाते, ही लांबीतली हालचाल. आणि मोकळी (बाहेरची) भिंत दोन जवनिकांमधल्या पडद्याकडे सरकते, ही आडवी. निरोगी हृदयात पहिलीचा वाटा मोठा असतो. टॅप्सी आणि टिश्यू डॉपलरचा एस-प्राइम (त्याच कड्याचा वेग) ही दोन्ही मापे फक्त लांबीतली हालचाल पाहतात, तीही कड्याच्या एकाच बिंदूवर.

शस्त्रक्रियेत हृदयावरण उघडले की काही मिनिटांतच ही हालचाल मंदावते आणि पुढे कित्येक महिने तशीच राहते. वर्षानंतरही ती पूर्ववत झालेली नसते, असे अनेकदा दिसते. त्याच वेळी आडवे आकुंचन वाढून तूट भरून काढते. म्हणून एफएसी (आकुंचनात क्षेत्रफळ किती टक्के घटते) किंवा थ्रीडी इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर जाते) जवळपास पहिल्याइतकेच येते आणि टॅप्सी निम्म्यावर येते. पडदाही उलटा हलताना दिसतो. त्यावरून घाबरून निष्कर्ष काढू नये.

टावी (कॅथेटरने महाधमनीची झडप बसवणे) किंवा मायट्रलच्या बलून उपचारात हृदयावरण शाबूत राहते, त्यामुळे आधीची आणि नंतरची टॅप्सी सरळ शेजारी ठेवता येते. आपल्याकडे संधिवाती तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेवर बलून पुष्कळदा होतो. तो नीट झाला तर फुप्फुसधमनीचा दाब उतरतो आणि टॅप्सी टिकते किंवा सुधारते. तिथे ती घसरली तर मात्र इशारा खरा समजावा: हृदयावरणात रक्त साचले आहे का, झडपेचे पान फाटून नवी मोठी गळती सुरू झाली आहे का, हे लगेच पाहावे.

मापे शेजारी शेजारी

टॅप्सीचे सर्वात मोठे बळ म्हणजे ती मिनिटभरात मिळते आणि जुन्या मशीनवरही चालते. १७ मिलिमीटरच्या खाली असामान्य. एस-प्राइम सेकंदाला ९.५ सेंटिमीटरच्या खाली असामान्य. दोन्हींचा कमकुवतपणा कोनाचा: एम-मोडची (एका रेषेतली हालचाल टिपणारी) रेघ कड्याच्या हालचालीला समांतर नसेल तर आकडा खोटा कमी येतो, आणि फुगलेल्या आरव्हीत कडे तिरके झाल्यामुळे हे हमखास घडते. अख्खे हृदय झुलत असेल तर आकडा खोटा वाढतो.

एफएसी म्हणजे डायस्टोल (शिथिल) आणि सिस्टोलच्या (आकुंचित) क्षेत्रफळातला फरक, डायस्टोलच्या टक्केवारीत. २८ चौरस सेंटिमीटरवरून १६ वर आले तर ४३ टक्के. ३५ च्या खाली असामान्य. आडवी हालचाल यात मोजली जाते, म्हणून ओपन शस्त्रक्रियेनंतर साध्या मशीनवर हेच माप धरावे. चित्र नेहमीच्या चार कप्प्यांच्या दृश्यात न घेता आरव्हीवर केंद्रित दृश्यात घ्यावे, मोकळी भिंत पूर्ण चौकटीत असावी, आणि रेघ ओढताना आतल्या मांसल जाळ्या पोकळीतच धराव्यात. याच जागी दोन तपासनीसांचे आकडे फुटतात. रक्त फुप्फुसधमनीकडे बाहेर जाण्याचा मार्ग यात येत नाही, हे एफएसीचे न सुटणारे न्यून.

मोकळ्या भिंतीचा स्ट्रेन (तिचा स्नायू लांबीत किती टक्के आखडतो तो ताण) शस्त्रक्रियेआधी सर्वात उपयोगी, कारण टॅप्सी अजून ठीक असतानाच तो बिघाड दाखवतो. उणे २० टक्क्यांपेक्षा कमी ताण असेल, उदाहरणार्थ उणे १५, तर असामान्य. सेकंदाला किमान ६० ते ८० फ्रेम हव्यात, आणि दोन्ही वेळा एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर. पण बरेच जण एक गोष्ट विसरतात: हाही लांबीतलाच ताण आहे. महागडे माप असले तरी ओपन शस्त्रक्रियेनंतर तोही टॅप्सीसारखाच घसरतो.

थ्रीडी इजेक्शन फ्रॅक्शन, ४५ टक्क्यांच्या खाली असामान्य, सर्व दिशा आणि बाहेरचा मार्ग धरते. तत्त्वतः हेच उत्तम. अडचण प्रत्यक्षात येते: चार ते सहा ठोके जोडायला श्वास रोखावा लागतो आणि लय नियमित लागते, मायट्रलच्या जुन्या रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची अनियमित लय) नेहमीचे, मग जोडांवर चित्र तुटते. एका ठोक्याचे चित्रण घ्यावे तर फ्रेम घटतात. फार मोठी आरव्ही चौकटीत मावतच नाही. पुढची भिंत दिसत नसेल तर संगणकाने काढलेल्या आकड्यापेक्षा नीट काढलेला एफएसी बरा.

ट्रायकस्पिडचा वेगळा हिशेब

मोठ्या ट्रायकस्पिड गळतीत कमकुवत आरव्हीही चांगली दिसते, कारण अर्धे रक्त कमी दाबाच्या उजव्या कर्णिकेत सहज परत जाते. झडपेच्या पानांना क्लिप लावून गळती थांबवली की ती सोपी वाट बंद होते आणि इजेक्शन फ्रॅक्शन खाली येऊ शकते. त्याला उपचाराचे अपयश म्हणण्याआधी पुढे ढकललेले रक्त, यकृताची सूज, मूत्राचे प्रमाण पाहावे.

म्हणून इथे टॅप्सीला फुप्फुसधमनीच्या सिस्टोलिक दाबाने भागून पाहतात. १६ मिलिमीटर आणि ६४ मिलिमीटर पारा, म्हणजे ०.२५, साधारण ०.३२ च्या खालचा आकडा आरव्ही दाबापुढे हतबल होत असल्याचे सांगतो. मात्र अतितीव्र गळतीत दोन्ही कप्प्यांचे दाब जवळ येतात, डॉपलरची लाट लवकर टोक गाठणारी त्रिकोणी होते आणि दाब खूप कमी मोजला जातो. भागाकार मग खोटा दिलासा देतो. अशी लाट दिसली की निर्णयाआधी उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन करून घ्यावे.

रिपोर्टवर आकड्याशेजारी लय, रक्तदाब, वजन आणि आयव्हीसीचा (खालच्या महाशिरेचा) व्यास लिहिलाच पाहिजे. लघवीच्या गोळ्यांनी चार किलो उतरलेल्या रुग्णाची गळती आणि आरव्हीचा आकार दोन्ही बदललेले असतात. ऑपरेशन टेबलावर अन्ननलिकेतून घेतलेला इको तर भूल आणि व्हेंटिलेटरखालचा. त्यात ट्रायकस्पिड गळती एक दर्जा कमी दिसणे नेहमीचे. कड्याचा व्यास ४० मिलिमीटर की जास्त, डाव्या झडपेसोबत ट्रायकस्पिडही दुरुस्त करायची का, हे आदल्या दिवशीच्या, जागेपणीच्या इकोवर ठरवावे.