तिसरी-चौथीचं विज्ञान: आधी अळी की आधी लंबक?

तिसरी-चौथीचा वर्ग पहिल्यांदाच हातात आला की परिसर अभ्यासात आधी सजीवांचं घ्यायचं का हवा, पाणी, बल वगैरे, हा प्रश्न पडतोच. माझं मत पक्कं आहे, जूनपासून सजीव आणि दिवाळीनंतर बाकीचं, पुस्तकात धडा कुठेही असू दे.

कारण पाऊस. जुलैत कंगवा केसांवर कितीही घासा, कागदाचे कपटे काही उचलत नाहीत, दमट हवेत चार्ज टिकतच नाही आणि मुलांना वाटतं सर काहीतरी खोटं सांगतायत. सावली मोजायची तर ऊन नाही. तोच कंगवा डिसेंबरात कोरड्या केसांवर फिरवा, कपटे टणाटण उडतात.

उलट पावसाळ्यात कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली उभं राहून पानं नीट बघा, फुलपाखराची अळी बऱ्याचदा सापडते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे मुलं आधी "ई" करतात, मग ती शीट पान खायला लागली की अख्खा वर्ग बरणीवर वाकतो. मोठी झाली की हिरवीगार, मग कोष, मग फुलपाखरू, सगळं मिळून महिनाभर. खर्च शून्य. पण जीव सांभाळावा लागतो हो. एका वर्षी गणपतीच्या सुट्टीत माझी बरणी वर्गातच राहिली, पाला संपला, अळ्या मेल्या, मुलं रडली आणि मलाही फार वाईट वाटलं. आता सुट्टीत बरणी कोणाच्या घरी जाणार ते आधीच ठरवतो. झाड जवळ नसेल तर मूग पेरा, एक वाटी खिडकीत आणि एक कपाटात, आठवड्यात फरक दिसतो, अंधारातलं रोप लांबुळकं आणि पिवळट होतं.

लंबकाची गंमत अशी की चुकलं तर लगेच पुन्हा करता येतं, अळीचं तसं नाही. दोऱ्याला नट बांधा, दोरा 25 सेंमी ठेवला तर 10 झोक्यांना साधारण 10 सेकंद, 1 मीटर केला तर 20. जड नट लावला तर वेळ बदलेल असं जवळजवळ सगळी मुलं सांगतात, मग लावून बघतात, वेळ तोच, मग परत मोजतात कारण पटतच नाही. फक्त आपण आधी उत्तर सांगून टाकायचं नाही, मला हे जमायला दोन वर्षं लागली.

पट साठच्या वर असेल तर मात्र एका अळीवर भागत नाही, मागच्या बाकांना काही दिसत नाही, तिथे पावसाळ्यातही लंबक गटागटाने घ्या, त्याला ऊन लागत नाही की कोरडी हवा.

आणि वर्ग डिसेंबरात हातात आला असेल तर बाजारात संत्री असतातच. सालीसकट पाण्यात टाका, तरंगतं. सोलून टाका, बुडतं. सालीतल्या हवेचं नाव काढू नका, सालं मुलांच्या हातात द्या आणि तास संपेपर्यंत बोलू द्या.