मागीलदारच्या डोंगराला काय बांधावं, चिऱ्याची भिंत की जाळीतले दगड?

मागे डोंगर आणि कडेने पऱ्या (पावसाळी ओढा) अशी घरं आपल्याकडे वाडीवाडीत आहेत, आणि २०२१ ला तळियेत दरड कोसळून गाव गाडलं गेल्यापासून जो तो विचारतो मागे काय बांधू. माझं घर संगमेश्वरकडे, दोन्ही प्रकार बांधून झालेत म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, तळिये किंवा इर्शाळवाडीसारखा डोंगरच सुटला तर यातलं काहीच टिकणार नाही. वर भेगा दिसल्या किंवा भर पावसात पऱ्याचं पाणी एकदम कमी झालं तर घर सोडायचं, भिंतीच्या भरवशावर झोपायचं नाही. मी बोलतोय ते चिखलदगडांच्या छोट्या लोंढ्याबद्दल, तोसुद्धा नुसत्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतो.

सिमेंटातली चिऱ्याची भिंत दिसते छान, जागा कमी खाते, गवंडी गावातच मिळतो. पण जांभ्याखाली (चिरा त्याचाच) ती शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती, असते ना, ओली झाली की साबणासारखी, ती भिंतीतल्या पाण्याच्या पाइपांत जाऊन बसते, पाइप तुंबले की पाणी मागे साठतं, आणि पाणी म्हणजे घनमीटरला एक टन, सगळा दाब भिंतीवर. आषाढात रात्री बॅटरी धरून सळईने पाइप उपसत बसायचो, आई आतून ओरडायची "अरे सरक तिथनं", आणि तिचंच बरोबर होतं, भर पावसात त्या भिंतीच्या पायाशी कुणी उभंच राहू नये. हे दर वर्षी. चौथ्या पावसात भिंतीला मधोमध पोट आलं आणि मी ती उतरवली.

मग जाळीचे पेटारे घेतले, गॅबियन म्हणतात ते. पाणी सगळीकडून झिरपून जातं, उपसायचं काही नाही, माझ्यासाठी तिथेच निकाल लागला. मागच्या पावसात टेम्पोभर माती-दगड येऊन टेकले, भिंत जरा पुढे झुकली पण उभी आहे. दगड मात्र काळाच हवा, चिऱ्याचे तुकडे नकोत, वीतभर आकाराचा, आणि हाताने रचायचा, नुसता ओतायचा नाही. मागे जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) लावा नाहीतर शेडी गळून परसात येते. खाडीजवळ असाल तर पीव्हीसी कोटिंगची तार घ्या, साधी लवकर गंजते. जागा मीटरभर खाते, माझ्या दोन पोफळी गेल्या. काळा दगड लांबून आणावा लागत असेल तर खर्चाचा हिशोब बदलतो, परस अगदीच अरुंद असेल तर कदाचित चिऱ्याचीच भिंत बरी पडेल, पण मग पाइप पावसाआधी साफ करा आणि संख्येने जास्त ठेवा.

पऱ्याच्या बाजूला काहीही बांधलंत तरी आडवं नको, तिरकं बांधा, म्हणजे लोंढा वळून मोकळ्या जागेत जाईल, फक्त शेजाऱ्याच्या पडवीत जात नाही ना ते बघा. आणि वरच्या अंगाचा चर दोन्हींत लागतोच, तो मे महिन्यातच उपसा, त्याच्या कडेला वाळा लावायचा असेल तर पहिल्या पावसाबरोबर लावून टाका.