मनसरची खाण-फेरी: दगडांसाठी जा, रामटेकच्या घाईसाठी नको

मनसर-कांद्री पट्ट्यात काही निवृत्त खाणकामगार एक दिवसाची फेरी चालवतात. सकाळी ७ ला मनसरहून निघायचं, दुपारी ४ ला मोकळं. माणशी ६०० रुपये, त्यात तर्री-पोहे, जेवण आणि जीप आली. नागपूरहून येणाऱ्यांनी जबलपूर रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर धरावेत.

आधी एक खुलासा, कारण चौकशीचे निम्मे फोन यासाठीच येत असावेत: ही फेरी खाणीत उतरवत नाही. इथल्या मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी चालू आहेत आणि चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. कोणी "मागच्या अंगानं खड्डा दाखवतो" म्हणालंच, तर जाऊ नका. सुरुंगाची वेळ आणि सैल झालेली कड या दोन्ही गोष्टी बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. ज्यांना खरोखर खाणीतच जायचं आहे त्यांनी सावनेरची वाट धरावी. तिथे २०१६ पासून वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) आणि एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ) यांचं कोळसा खाण पर्यटन आहे. तारीख मात्र आधी विचारून घ्या.

मग इथे ६०० रुपये कशाचे? अंगणात मांडलेल्या दगडांचे. ब्राउनाइट, सायलोमेलेन, गोंडाइट हे मँगनीजचे दगड आणि भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला, ड्राय सेलच्या (बॅटरीच्या) कामाचा मँगनीज डायऑक्साइड. आयुष्यभर खनिज वेचण्याचं काम केलेल्या मावशी समोर बसतात आणि एकसारख्या आकाराचे दोन दगड दोन हातांत देतात. "पहिले तोलून पाहा, मंग सांगा." एक लिटर मापाचा निखळ ब्राउनाइट साडेचार किलोच्या वर भरतो, तेवढाच गारगोटीचा दगड पावणेतीनच्या आत. यंत्रं नव्हती तेव्हा हातोडीने फोडून, हातात तोलूनच मालाची प्रत लावली जायची. आणि ते काम मुख्यतः बायकांचं होतं.

दुसरी चाचणी रेघेची. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्यायची आणि दगड दाबून ओढायचा. मँगनीजची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी उमटते, हेमॅटाइटची लालसर. टाइलच्या गुळगुळीत बाजूवर रेघ उमटत नाही, पाहुणे हमखास तिथेच फसतात. तिसरी चाचणी पोरांची आवडती: डायऑक्साइडच्या दगडावर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चार थेंब. लगेच फेस येतो, कारण मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन भराभर सुटा करतो. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरली तर फेस येत नाही आणि लोक दगडालाच खोटं ठरवतात. आयोजकांनी दर फेरीला नवी, छोटी बाटली फोडावी. डोळ्यांसाठी चष्मेही ठेवावेत, आज ते नाहीत.

भूमिगत कामाचं प्रात्यक्षिक पाण्याच्या जुन्या जारमध्ये करतात आणि ते झकास जमलं आहे. खनिजाचा थर खालून वर कापत न्यायचा, मोकळी झालेली जागा पाण्यासोबत सोडलेल्या वाळूने भरायची, पाणी निथळू द्यायचं आणि त्याच वाळूवर उभं राहून वरचा थर घ्यायचा. जारच्या तळाशी लावलेलं गोणपाट काढलं की वाळू पाण्यासोबत वाहून जाते. उलट प्लास्टिकने तळ बंद केला तर पाणी तुंबतं आणि भरण पातळच राहते. खाणीतल्या बॅरिकेडचं, म्हणजे वाळू अडवून पाणी जाऊ देणाऱ्या आडोशाचं काम यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

इतिहास सांगताना मात्र गाडी घसरते. १८९६ ची सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, पुढे तिचीच झालेली सीपीएमओ (सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर ही ब्रिटिश कंपनी), १९६२ ची मॉइल, इथपर्यंत ठीक. पण १९६२ ला "इंग्रज गेले" हे अर्धसत्य आहे. सीपीएमओकडे तेव्हाही ४९ टक्के हिस्सा राहिला होता, तो १९७७ मध्ये सरकारने घेतला.

भिंतीवर अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या पार्क सिटीचा, म्हणजे चांदीच्या खाणींवरून पर्यटनाकडे वळलेल्या गावाचा फलक आहे. कल्पना चांगली, मजकूर कच्चा. "चांदी संपली, मग बर्फ विकला" असं त्यावर लिहिलंय. चांदी संपली नव्हती, भाव पडल्याने खाणकाम परवडेनासं झालं होतं. १९६३ मध्ये स्कीइंगचं केंद्र उघडलं ते खाण कंपनीनेच, सरकारी कर्ज काढून. खाणकाम त्यानंतरही १९८२ पर्यंत रखडत चाललं. सुरुवातीला तर स्कीवाल्यांना स्पायरो बोगद्यातून खाणीच्या रेल्वेने सुमारे ३ मैल आत नेऊन, मग खाणीच्या लिफ्टने १,७५० फूट वर डोंगरावर काढत. हळू आणि ओलाकिच्च प्रवास. काही वर्षांतच बंद पडला. त्याच बोगद्यातलं पाणी पुढे गावाच्या नळाला आलं. खनिज काढून उरलेल्या, शिसं असलेल्या गाळावर मात्र चांगली माती पसरावी लागली. या दोन गोष्टी फलकावर हव्यातच. शिवाय तिथे जमीन, बोगदे आणि लिफ्ट एकाच मालकाच्या हातात होती. इथल्या फेरीवाल्यांच्या हातात दगड आणि अनुभव एवढंच आहे, म्हणून वेळही त्यावरच खर्चायला हवा.

होतं उलटंच. ११ वाजता दगड गुंडाळले जातात आणि हिडिंबा टेकडी, रामटेकचा गड, खिंडसी तलाव अशी पळापळ सुरू होते. हिडिंबा टेकडीवरचं वाकाटककालीन विटांचं बांधकाम निवांत पाहण्यासारखं आहे, पण सावली नाही आणि भर उन्हात तिथे कोणी दहा मिनिटंही टिकत नाही. क्रम फिरवावा: टेकडी सकाळी ७ ला, दगड जेवणाआधी छपरीत. रामटेक वगळलं तरी चालेल. तिथे लोक आपले आपण जातातच.

जेवण चोख: ज्वारीची भाकरी, पाटोडीची रस्साभाजी, भात. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, नंतर उपयोग नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरा. बंद बूट घाला, पांढरे कपडे नकोत, मँगनीजचा काळा डाग सहज जात नाही. दगड हाताळल्यावर साबणाने हात धुवूनच भाकरीला हात लावा. तिथे बादली आहे, साबण आपला न्या. १० पेक्षा जास्त जणांच्या गटाने दोन दिवसांत विभागून जावं, कारण मावशी एकच आहेत आणि मागच्या रांगेपर्यंत दगड पोचत नाही.