भिंतीवरचा नकाशा आणि उत्तर नॉर्वे: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात उत्तर नॉर्वेचा रस्त्यांचा कागदी नकाशा मागवला. प्रमाण 1:4,00,000, म्हणजे नकाशावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 4 किलोमीटर. जूनमध्ये 12 दिवस तिकडे जाऊन आलो. आता ऑगस्ट संपत आला तरी नकाशा जेवणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर तसाच आहे. घरात 13 ते 17 वयाची मुलं असतील आणि पुढच्या उन्हाळ्यात लांबच्या सहलीचा विचार असेल, तर हा अनुभव कामाला येईल.

आधी खरेदीतली एक अडचण. नकाशा दोन्ही बाजूंनी छापलेला निघाला. एका बाजूला लोफोटेन ही बेटं, दुसऱ्या बाजूला पार उत्तरेचा फिनमार्क प्रांत. भिंतीवर लावायचा तर एक बाजू गायब होणार, म्हणून दुसरी प्रत मागवावी लागली. दोन्ही जोडून लावल्यावर भिंत भरून गेली, आणि तेच बरं झालं. फोनमधला नकाशा ज्याच्या हातात असतो त्याच्यापुरताच असतो. हा येता-जाता सगळ्यांना दिसायचा.

पहिला आठवडा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका रात्री धाकटी (वय 13) हातात पोळीचा घास धरून भिंतीपाशी उभी. "आई, या गावाचं नाव नुसतं एकच अक्षर आहे!" लोफोटेनच्या पार टोकाला, ई10 हा रस्ता जिथे संपतो, तिथे हे गाव आहे. ए अक्षराच्या डोक्यावर छोटं वर्तुळ, उच्चार साधारण 'ऑ', आणि नॉर्वेजियन वर्णमालेतलं ते शेवटचं अक्षर. पहिली टाचणी तिने तिथे लावली. त्या टाचणीपासून सहल आमची न राहता तिची झाली.

थोरल्याला (वय 16) नॉर्थ केप, म्हणजे पार उत्तरेचं टोकच हवं होतं. 71 अंश 10 मिनिटं उत्तर, त्याच्या आत काही नको. आम्ही नाही म्हटलं असतं तर महिनाभर अबोला धरला असता. त्याऐवजी त्याला लोकरीचा धागा दिला आणि ट्रॉम्सो शहरापासून रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून लाव म्हटलं. फियोर्डला (जमिनीत आत शिरलेल्या खाडीला) वळसा, पुन्हा फियोर्ड, पुन्हा वळसा. धागा सव्वा मीटरच्या वर गेला. म्हणजे जायचेच 500 किलोमीटरहून जास्त, तेवढेच परत, आणि गावाबाहेर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी 80. त्याने स्वतःच वहीत दिवस मांडले, बराच वेळ गप्प बसला आणि टाचणी काढली. तिचं भोक अजून दिसतं. मग लोफोटेनमधल्या स्वोल्व्हेर गावापर्यंत मोजलं. सरळ रेषेत 235 किलोमीटर, रस्त्याने 420 च्या आसपास. हे अंतर कुणी तोंडाने सांगून त्याला पटलं नसतं.

नकाशाने जे अजिबात सांगितलं नाही ते म्हणजे बर्फ. आपली सुट्टी एप्रिल-मे, शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, आणि तिकडचा उन्हाळा तेव्हा नुकता डोळे उघडत असतो. आम्ही 1 जूनला निघालो, त्याआधी शक्य असूनही नाही. इथे 'यर' या हवामानाच्या ॲपचं मनापासून कौतुक करते. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथली सरकारी प्रसारण संस्था मिळून 2007 पासून ते चालवतात. नॉर्वेजियन भाषेत या शब्दाचा अर्थ भुरभुरता पाऊस. मुलं डिसेंबरापासून रोज त्यात पुणं आणि ट्रॉम्सो शेजारी-शेजारी बघायची. त्यामुळे सामान भरताना एकदाही वाद झाला नाही. रेनकोट, थर्मल, कानटोपी, सगळं त्यांनी आपणहून घेतलं. जूनमध्ये तिकडचं सरासरी तापमान 10 अंशांच्या आत-बाहेर असतं.

तरीही सेन्या बेटावर हेस्टेन डोंगराची वाट अर्ध्यातून सोडावी लागली. वर घसरट बर्फाचा पट्टा होता. राजगड-हरिश्चंद्रगड पायाखाली घातलेल्या मुलाला माघारी फिरवणं सोपं नव्हतं. पण त्यानेच आधी काठी टेकवून बघितली आणि म्हणाला, "बाबा, नको." लोफोटेनमधला रायनेब्रिंगेन डोंगर मात्र झाला. 448 मीटर, नेपाळी शेर्पांनी रचलेल्या जवळपास 2,000 दगडी पायऱ्या. सिंहगड चढणाऱ्याला दम पुरतो, गुडघे उतरताना बोलतात.

प्रत्येक मुलाला एक अख्खा दिवस आणि ठरावीक रक्कम दिली होती. थोरल्याने आंडेनेस या गावातून निघणारी व्हेल बघायची बोट निवडली. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे स्पर्म व्हेल उन्हाळ्यातही तिथे असतात. आम्हाला एकच दिसला. पाठ बराच वेळ संथ, मग शेपटी सरळ वर आणि पाणी पुन्हा सपाट. सेन्याहून आंडेनेसला जाणारी फेरीबोट फक्त उन्हाळ्याच्या मोसमात चालते. नकाशावर नुसती तुटक रेघ आहे, वेळापत्रक वेगळं बघावंच लागतं.

धाकटीने लोफोटेनमधलं एग्गुम गाव घेतलं, कारण ते उत्तरेकडे तोंड करून आहे आणि मध्यरात्रीच्या सूर्याच्या (तिकडे उन्हाळ्यात तो मावळतच नाही) तिथे काही आड येत नाही. शिवाय तिने शोधून काढलं की सूर्य सर्वांत खाली 12 ला नव्हे, 1 च्या सुमारास येतो. घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे केलेली आणि जागा त्या प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या किंचित पश्चिमेला, म्हणून. रात्री 1 वाजता दगडावर बसून मेतकूट-भात खाल्ला. पिवळा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता, आणि नेहमी फोनमध्ये असणारी मुलगी पाऊण तास काही न बोलता समोर बघत होती. हे लिहिताना अजून भरून येतं.

उशिरा झोपायची या वयाची सवय तिथे अगदी जुळते. मुलांना मोकळं सोडा, रात्री 10 ला फिरायला न्या, सकाळी उठवू नका. आई-वडिलांनी मात्र डोळ्यांवरच्या पट्ट्या नक्की न्याव्यात. आणि रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा.

लोफोटेनमध्ये लाकडी मांडवांवर कॉडचे शेवटचे मासे टांगलेले मिळाले. माझं माहेर रत्नागिरीकडचं. वास आला आणि वलांडीवरचे बोंबील आठवले. मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर सुकवतात म्हणे, हे ऐकून आईला तिथूनच फोन लावला.

आता नकाशाची तब्येत. घड्यांवर तीन ठिकाणी फाटलाय, पावसाळ्यात कडा वर आल्यात, टाचण्यांनी लोफोटेनची चाळण झालीय. कागद पातळ आहे. घेणार असाल तर भिंतीवर लावण्याआधी मॅट लॅमिनेशन करून घ्या, चकचकीत नको, रात्री ट्यूबलाइट त्यात दिसते. उंचीच्या रेषा नाहीत, त्यामुळे डोंगरवाटांसाठी वेगळा नकाशा लागेल. आणि सुरुवात किमान सहा महिने आधी करा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, 12 वर्षांपुढच्या मुलांना फी मोठ्यांइतकीच पडते.

गेल्या आठवड्यात भिंत रंगवायची म्हणून मी नकाशा काढायला घेतला, तर दोघांनी मिळून तो उचलून आपल्या खोलीत नेला. नॉर्थ केपच्या भोकात पुन्हा टाचणी आहे.